प्लेस्टेशन २ वरील तबकडी वाचन-त्रुटी

तबकडी वाचन-त्रुटी हा सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट या जपानी कंपनीच्या प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलमध्ये सर्वाधिक आढळणारा बिघाड आहे. कन्सोलमध्ये घातलेली सीडी किंवा डीव्हीडी यंत्राला ओळखता येत नाही, अथवा ओळखल्यानंतर तिच्यावरील माहिती सलगपणे वाचता येत नाही, तेव्हा पडद्यावर ‘डिस्क रीड एरर’ असा संदेश येतो. या संदेशावरून बिघाड नेमका कोठे आहे हे कळत नाही. खरचटलेली तबकडी, धुळीने माखलेले भिंग, झिजलेली मोटर आणि क्षीण झालेला लेझर या चारही कारणांसाठी कन्सोल हेच तीन शब्द दाखवतो. त्यामुळे या बिघाडात दुरुस्तीपेक्षा निदानाला अधिक महत्त्व आहे.

प्लेस्टेशन २ जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी, उत्तर अमेरिकेत २६ ऑक्टोबर २००० रोजी आणि युरोपात २४ नोव्हेंबर २००० रोजी विक्रीस आला. त्याचे १५ कोटी ५० लाखांहून अधिक संच विकले गेले. जानेवारी २०१३ मध्ये त्याचे उत्पादन जगभर थांबले. जपानमध्ये कंपनीने दुरुस्तीसाठी संच स्वीकारणे ३१ ऑगस्ट २०१८ रोजी बंद केले. आज वापरात असलेला प्रत्येक संच किमान दशकभर जुना आहे आणि त्याचा मूळ लेझर नव्याने कारखान्यातून येणार नाही. चुकीच्या उपायाने चालू संच कायमचा बंद पडण्याचा धोका म्हणूनच पूर्वीपेक्षा अधिक गंभीर मानला जातो.

वाचनाची प्रक्रिया

प्लेस्टेशन २ तीन प्रकारच्या गेम-तबकड्या वाचतो. पहिल्या प्लेस्टेशनचे गेम सीडीवर असून त्या तबकड्यांची खालची बाजू काळी असते. प्लेस्टेशन २ चे काही गेम, विशेषतः सुरुवातीच्या काळातील, निळसर रंगाच्या सीडीवर आले. उर्वरित बहुसंख्य गेम रुपेरी डीव्हीडीवर आहेत. यांपैकी एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, तर दुपदरी डीव्हीडीची ८.५ जीबी असते. ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘ग्रान टुरिस्मो ४’ हे दुपदरी डीव्हीडीवरील परिचित गेम होत.

सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर लागतो, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर. सीडीवरील सर्पिल मार्गाच्या लगतच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते. डीव्हीडीत ते केवळ ०.७४ मायक्रोमीटर आहे. मार्गावरील सर्वांत लहान खळगा सीडीवर सुमारे ०.८३ मायक्रोमीटर, तर डीव्हीडीवर ०.४ मायक्रोमीटर लांबीचा असतो. फिरती तबकडी किंचित वर-खाली होत असते. तिच्या मागे जाण्यासाठी भिंग अतिशय हलक्या वेटोळ्यांवर तरंगते ठेवलेले असते आणि ते सतत पुढे-मागे व वर-खाली सरकवले जाते. या यंत्रणेपैकी कोणताही एक घटक थोडा जरी ढळला तरी परावर्तित प्रकाशातून अर्थ लावणे अशक्य होते.

वाचताना होणाऱ्या लहानसहान चुका सुधारण्याची सोय तबकडीच्या सांकेतिक रचनेतच केलेली असते. सीडीवर सलग सुमारे अडीच मिलिमीटर आणि डीव्हीडीवर सुमारे सहा मिलिमीटर लांबीपर्यंतची हानी गणिती पद्धतीने भरून काढता येते. अनेक ओरखडे असलेली तबकडी व्यवस्थित चालते, तर एकच ओरखडा असलेली दुसरी चालत नाही, याचे कारण यातून स्पष्ट होते. केंद्राकडून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक फेरीचा अगदी लहान भाग कापतो. मार्गाला समांतर, वर्तुळाकार जाणारा ओरखडा मात्र एकाच फेरीतील मोठा भाग सलग नष्ट करतो. तो दिसायला किरकोळ असला तरी अधिक घातक असतो.

लाल पडदा आणि वाचन-त्रुटी

‘कृपया प्लेस्टेशन किंवा प्लेस्टेशन २ स्वरूपाची तबकडी घाला’ अशा आशयाचा इंग्रजी संदेश असलेला लाल पडदा आणि वाचन-त्रुटीचा संदेश यांत अनेकदा गल्लत केली जाते. लाल पडदा म्हणजे कन्सोलने तबकडी गेम म्हणून स्वीकारली नाही. तबकडी नक्कल केलेली असल्यास किंवा दुसऱ्या विभागासाठीची असल्यास तो दिसतो, आणि अशा वेळी लेझर पूर्णपणे निर्दोष असू शकतो. प्लेस्टेशन २ चे गेम जपान, उत्तर अमेरिका आणि पाल दूरचित्र-पद्धतीचा प्रदेश अशा विभागांत वाटलेले होते, आणि भारत पाल विभागात मोडत असे. परदेशातून आणलेला अमेरिकी गेम पाल कन्सोलवर न चालणे हा बिघाड नव्हे. चित्रपटांच्या डीव्हीडीची विभागणी वेगळी असून तीत भारताचा क्रमांक ५ आहे.

अर्थात क्षीण लेझरमुळे तबकडीची ओळख अर्धवट राहिल्यासही लाल पडदा दिसू शकतो. मूळ आणि योग्य विभागाची तबकडी कधी चालते व कधी लाल पडदा दाखवते, असे असेल तर कारण यंत्रातच शोधावे लागते.

निदान

पहिली पायरी म्हणजे दोष तबकडीत आहे की यंत्रात, हे ठरवणे. त्यासाठी निदान चार-पाच मूळ तबकड्या लावून पाहाव्यात आणि त्यांत काळी, निळी व रुपेरी असे तिन्ही प्रकार असावेत. एकच तबकडी अडत असेल तर यंत्र उघडण्याचे कारण नाही. प्लेस्टेशन २ च्या तबकड्या संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात. संशयित तबकडीवरील सर्व फायली संगणकात उतरवून पाहिल्यास तिची प्रकृती स्वतंत्रपणे तपासता येते. नक्कल शेवटपर्यंत सुरळीत झाली तर संशय पुन्हा कन्सोलकडे वळतो.

गेम सुरू होऊन मध्येच थांबत असेल तर तो कोठे थांबतो हे पाहणे उपयुक्त ठरते. प्रत्येक वेळी त्याच प्रसंगाला किंवा त्याच चित्रफितीच्या सुरुवातीला गेम गोठत असेल तर तबकडीवरील तो ठरावीक भाग खराब आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी, आणि विशेषतः कन्सोल तापल्यानंतर तो थांबत असेल, तर दोष यंत्राचा. तबकडीचे वाचन केंद्राजवळून सुरू होते आणि तिची ओळख पटवणारी माहितीही तेथेच असते. त्यामुळे आतल्या बाजूची हानी गेम सुरूच होऊ देत नाही, तर कडेजवळची हानी उशिरा जाणवते.

सर्व निळ्या व काळ्या तबकड्या अडतात पण रुपेरी चालतात, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा दोन लेझरपैकी एकच क्षीण झाल्याचे अनुमान निघते. धूळ दोन्हींत सहसा फरक करत नाही, म्हणून ही खूण बरीच विश्वसनीय आहे. एकपदरी डीव्हीडी चालून केवळ दुपदरी अडत असतील तर तांबडा लेझर उतरणीला लागलेला असतो, कारण दुपदरी तबकडीच्या प्रत्येक पदराकडून परतणारा प्रकाश मुळातच कमी असतो.

तबकडी फिरतच नसेल तर भिंगाकडे पाहण्याआधी मोटर आणि झाकणाचे स्विच तपासावेत. खरखर किंवा टकटक असा आवाज येत असल्यास तबकडी नीट पकडली जात नसते. जाड मॉडेलमध्ये तबकडीला वरून चुंबकाची चकती दाबून धरते. ती जागेवरून सरकलेली असू शकते. आडवा ठेवलेला कन्सोल वाचतो आणि उभा ठेवलेला वाचत नाही, किंवा उलट, ही लक्षणेही पकड सैल झाल्याची किंवा मोटरचा आस झिजल्याची असतात.

कन्सोलमध्येच एक छोटी सोय आहे, तिचा उल्लेख वापरपुस्तिकेपलीकडे फारसा होत नाही. मुख्य पडद्यावर त्रिकोणाचे बटण दाबल्यावर आवृत्तीची यादी उघडते. तेथे ‘कन्सोल’ या ओळीवर पुन्हा त्रिकोण दाबल्यास ‘डायग्नोसिस’ हा पर्याय मिळतो. तो चालू केल्यास वाचनयंत्रणा स्वतःला नव्याने जुळवून घेण्याचा प्रयत्न करते. कन्सोल बंद करताच हा पर्याय पूर्ववत होतो. सीमारेषेवरील लेझर याने काही दिवस तगतो, मेलेला लेझर जिवंत होत नाही. याच यादीत पहिल्या प्लेस्टेशनच्या गेमसाठी तबकडीचा वेग बदलण्याचा पर्यायही आहे. तो ‘फास्ट’वर राहिल्यास काही जुने गेम अडखळतात.

तबकडीची निगा

तबकडी मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून पुसल्यास कापडात अडकलेला कण नेमका घातक दिशेने ओरखडा काढतो. टूथपेस्ट लावून तबकडी घासण्याचा घरगुती उपाय सर्वश्रुत आहे. पेस्टमधील बारीक कण प्लास्टिकचा पृष्ठभाग थोडा झिजवतात आणि उथळ ओरखड्याची धार बोथट होते, त्यामुळे तो कधीकधी लागू पडतो. मात्र खोल ओरखड्यावर त्याचा परिणाम होत नाही आणि अति घासल्यास तबकडी धुरकट होते. व्यावसायिक यंत्राने केलेली घासाई अधिक सम असते.

सीडी आणि डीव्हीडी यांच्या रचनेतील एक फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. दोन्हींची जाडी १.२ मिलिमीटर असते. परंतु सीडीत माहितीचा थर वरच्या छपाईच्या अगदी खाली, केवळ पातळ लाखेच्या आवरणाने झाकलेला असतो. डीव्हीडीत तो दोन ०.६ मिलिमीटर जाडीच्या थरांच्या मध्ये बंदिस्त असतो. त्यामुळे निळ्या किंवा काळ्या तबकडीच्या चित्राच्या बाजूवरील ओरखडा खालच्या बाजूवरील ओरखड्यापेक्षा भयंकर ठरतो. परावर्तक थरच निघून गेल्यास कोणतीही घासाई ती माहिती परत आणू शकत नाही. प्रकाशासमोर धरल्यावर सीडीत टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसत असतील तर तिच्यावर अधिक श्रम घेणे व्यर्थ आहे.

भिंगाची स्वच्छता

जुन्या संचातील वाचन-त्रुटींचा मोठा वाटा केवळ धुळीचा असतो. ब्रश बसवलेल्या ‘लेन्स क्लीनर’ तबकड्या बाजारात मिळतात, परंतु वेगाने फिरणारा ब्रश नाजूक वेटोळ्यांवर टांगलेल्या भिंगाला धक्का देऊ शकतो. भिंगापर्यंत थेट पोहोचून ते पुसणे जास्त सुरक्षित आहे.

सडपातळ मॉडेलचे झाकण वर उघडते, त्यामुळे भिंग समोरच दिसते आणि संच खोलावा लागत नाही. जाड मॉडेलमध्ये संच उलटा करून तळाच्या टोपणांखाली दडलेले स्क्रू काढावे लागतात. वरचे आवरण झटक्यात उचलणे ही या कामातील नेहमीची दुर्घटना आहे. पुढच्या बाजूचे चालू-बंद व तबकडी बाहेर काढण्याचे बटण एका पातळ फितीसारख्या तारेने मुख्य फलकाला जोडलेले असते आणि ती फाटल्यास कन्सोल चालूच होत नाही. त्यानंतर ड्राइव्हवरील पत्र्याचे झाकण काढल्यावर भिंग दिसते. जाड मॉडेलचा वीजपुरवठा-विभाग संचाच्या आतच असल्याने काम सुरू करण्यापूर्वी मुख्य वायर काढून काही वेळ थांबणे अत्यावश्यक आहे. उघड्या ड्राइव्हला वीज देऊन लेझर पेटला आहे का हे डोळ्याने वाकून पाहणे टाळावे. सीडीचा अवरक्त किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच तो अधिक धोकादायक आहे.

भिंग प्लास्टिकचे असते. कापसाच्या काडीला ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, वजन न देता, एक-दोन वेळा फिरवावे आणि कोरड्या काडीने टिपून घ्यावे. ॲसिटोन किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव वापरल्यास भिंग कायमचे पांढुरके होते. पावसाळी, दमट हवेत तसेच थंड खोलीतून उबदार खोलीत आणलेल्या संचात भिंगावर दव धरते. अशा वेळी तबकडी काढून कन्सोल काही तास तसाच ठेवणे पुरेसे असते.

भिंगासोबत ज्या दोन दांड्यांवर ते सरकते त्याही पाहाव्यात. त्यांवरील मूळ वंगण वर्षांनुवर्षांनी घट्ट होते, धूळ धरते आणि भिंग कडेपर्यंत पोहोचत नाही. जुने वंगण पुसून पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. शिलाई यंत्राचे किंवा खोबरेल तेल येथे चालत नाही. ते भिंगावर उडते.

कोन आणि शक्ती

जाड मॉडेलच्या वाचनयंत्रणेला लागून एक लहान पांढरे दातेरी चाक असते. त्याने भिंगाचा तबकडीशी असलेला कोन कमी-अधिक होतो. वाहतुकीत किंवा पडझडीत हे चाक सरकल्यास वाचन बिघडते. ते फिरवण्यापूर्वी मूळ जागी पेनाने खूण करावी, एका वेळी एकच दात सरकवावा आणि प्रत्येक वेळी तबकडी लावून पाहावी. खूण न करता चाक फिरवलेला संच पुन्हा जुळवणे अनुभवी कारागिरालाही जिकिरीचे जाते.

याहून नाजूक उपाय लेझरची शक्ती वाढवण्याचा आहे. केएचएस-४०० मालिकेच्या वाचनयंत्रणेवर दोन बारीक प्रीसेट असतात, एक सीडीच्या आणि दुसरा डीव्हीडीच्या लेझरसाठी. प्रीसेटचा रोध कमी केल्यास लेझरमधून अधिक प्रवाह जातो आणि मंद झालेला लेझर पुन्हा वाचू लागतो. मात्र हे विझत्या दिव्याची वात वर सारण्यासारखे आहे, उरलेले आयुष्य झपाट्याने सरते. थोडासा अतिरेक झाल्यास लेझर त्याच क्षणी जळतो. मल्टीमीटरने मूळ रोध मोजून नोंदवल्याशिवाय प्रीसेटला हात लावणे म्हणजे परतीचा रस्ता बंद करणे होय. भिंगाची स्वच्छता, वंगण आणि कोन हे तिन्ही उपाय संपण्याआधी तर तो विचारातच घेऊ नये.

वाचनयंत्रणा बदलणे

लेझर खरोखर संपला असेल तर संपूर्ण वाचनयंत्रणा बदलावी लागते. दुरुस्तीच्या व्यवसायात या सबंध भागालाच ‘लेन्स’ म्हटले जाते. जाड मॉडेलांत केएचएस-४००बी आणि केएचएस-४००सी, तर सडपातळ मॉडेलांत केएचएस-४००आर आणि टीडीपी-०८२डब्ल्यू हे भाग आढळतात. काही संचांत सान्यो कंपनीची एसएफ-एचडी७ असते. हे भाग सरसकट एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून नवा भाग घेण्यापूर्वी जुन्यावरील अक्षरे वाचावीत.

नवी वाचनयंत्रणा बसवूनही कन्सोल काहीच वाचत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे कारण पुष्कळदा एक धातूचा ठिपका असतो. स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून कारखान्यात त्याची दोन टोके डाग देऊन जोडलेली असतात. बसवल्यानंतर हा डाग तापत्या इस्त्रीने काढावा लागतो. तो राहिल्यास लेझर पेटत नाही आणि चांगला भाग खराब समजून परत केला जातो.

काही मॉडेलांत मूळ दोष वाचनयंत्रणेत नसून तिला चालवणाऱ्या चिपमध्ये असतो. ती चिप बिघडली की भिंगाच्या वेटोळ्यांत गरजेपेक्षा जास्त प्रवाह सोडते आणि वेटोळी जळतात. २००४ मध्ये आलेल्या पहिल्या सडपातळ मॉडेलांत, म्हणजे एससीपीएच-७०००० मालिकेत, हा प्रकार विशेष ज्ञात आहे. अशा संचात एकामागून एक नव्या वाचनयंत्रणा बसवल्यास त्याही जळतात. याच मालिकेत भिंगाला जोडलेली फितीसारखी तार वर फुगून फिरत्या तबकडीला घासते आणि तिच्यावर अचूक वर्तुळाकार ओरखडा उमटवते. चांगल्या तबकड्यांवर अशी वर्तुळे दिसू लागल्यास कन्सोल तत्काळ बंद करावा. तार सपाट करून चिकटपट्टीने दाबून ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. वर्तुळाकार ओरखड्याचे दुसरे कारण वापरकर्ता स्वतः असतो. तबकडी फिरत असताना आडवा कन्सोल उभा केला की तेच घडते.

सामूहिक दावा

सुरुवातीच्या मॉडेलांतील वाचन-त्रुटींवरून २००२ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. पुढे तडजोड होऊन कंपनीने दोष मान्य न करता बाधित संचांची विनामूल्य किंवा सवलतीत दुरुस्ती अथवा बदली देण्याचे कबूल केले.

भारतातील स्थिती

पुढच्या पिढीचा कन्सोल आल्यानंतरही भारतात प्लेस्टेशन २ दीर्घकाळ विकला जात होता. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ (२००९) आणि ‘रा.वन’ (२०११) यांसारखे भारतात विकसित झालेले गेमही त्यासाठी निघाले. मूळ तबकड्यांच्या बरोबरीने नक्कल केलेल्या डीव्हीडींचा प्रसार मोठा होता आणि त्या चालवण्यासाठी संचात जादा चिप झाळून दिली जात असे. रंगद्रव्यावर लेखन केलेल्या या तबकड्या वाचणे लेझरला छापील तबकडीपेक्षा कठीण जाते. दर्जाहीन तबकडीवर पुनःपुन्हा प्रयत्न करताना भिंगाची हालचालही वाढते. चिप बसवलेल्या संचात सैल झालेली एखादी तारही वाचन-त्रुटीचे रूप घेऊ शकते, म्हणून तशा संचात लेझरआधी झाळणकाम तपासणे श्रेयस्कर असते. मुंबईत लॅमिंग्टन रोड परिसर अशा सुट्या भागांसाठी आणि दुरुस्तीसाठी ओळखला जातो.

तबकडीशिवाय वापर

वाचनयंत्रणा गेली तरी ८ एमबी क्षमतेच्या मेमरी कार्डावरील जतन केलेला खेळ सुरक्षित राहतो, कारण त्याचा लेझरशी संबंध नाही. ‘फ्री मॅकबूट’ ही स्वयंसेवकांनी विकसित केलेली प्रणाली मेमरी कार्डावर बसवल्यास ‘ओपन पीएस२ लोडर’च्या साहाय्याने गेमची नक्कल हार्ड डिस्क, स्थानिक जाळे किंवा यूएसबीवरून चालवता येते. त्यासाठी मूळ तबकडी मालकीची असणे आणि संबंधित देशाचा स्वामित्वहक्क कायदा पाळणे अपेक्षित आहे. जाड मॉडेलमध्ये नेटवर्क अडॅप्टर लावून हार्ड डिस्क आत बसवता येते आणि हा मार्ग सर्वांत वेगवान मानला जातो. यूएसबीचा मार्ग स्वस्त असला तरी कन्सोलमधील यूएसबी १.१ प्रकारचे असल्याने वेग सेकंदाला १२ मेगाबिटपुरता मर्यादित राहतो आणि गेममधील चित्रफिती अडखळतात. एससीपीएच-९०००० मालिकेतील उत्तरकाळच्या संचांत, ज्यांच्या बायोसची आवृत्ती २.३० आहे, फ्री मॅकबूट ज्या त्रुटीचा आधार घेते ती कंपनीने बंद केली होती. त्यामुळे त्या संचांवर ते मेमरी कार्डावरून आपोआप सुरू होत नाही.